तक्रार नसलेली गाडी

३ मार्च, सोमवार

आजपासून गाडीबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही, असा हुकूम निघाला आहे. हुकूम अर्थातच हिचा. "अहो, जेवताना इंजिन, झोपताना गिअरबॉक्स. माझे कान किटले. काय बोलायचंय ते यात लिहा," असं म्हणून मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही माझ्यापुढे आपटली. पहिल्या अर्ध्यात भूमिती आहे. असो. वहीला कान नाहीत, त्यामुळे किटायचा प्रश्न नाही.

मुद्दा अगदी साधा आहे. बाबांना आत्याकडे न्यायचं आहे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी, राहते घाटापलीकडे, गाडीने सात तास. बाबांना आता ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ बघून कळतं. आत्याला दिसत नाही, आवाजावरून कळतं. त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. मुलीने व्हिडिओ लावून दिला, तर आत्याने सवयीने फोन कानाला लावला आणि बाबांनी दहा मिनिटं आत्याचा कान बघितला. "कानातलं अजून तेच आहे तिचं," एवढं म्हणाले आणि फोन परत दिला.

बस दोन ठिकाणी बदलावी लागते आणि बाबांना बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. मणक्याच्या डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, "लांब कुठे न्यायचं असेल तर लवकर न्या. पुढे पुढे यांना बसणं जमणार नाही." सध्या बाबा खुर्चीत एका दमात दोन तास बसतात. मी वेळ लावून बघितली आहे.

म्हणून गाडी घ्यायची. माझी अट एकच: वाटेत बंद पडता कामा नये. एवढीच अट, पण जगाला ती फार मोठी वाटते असं दिसतंय.

५ मार्च, बुधवार

मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत तक्रार विभागात आहे, अठरा वर्षं. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीचं एक कार्ड असतं. वस्तू, तक्रार, किती वेळ, कारण, आणि सगळ्यात खाली छापलेली ओळ: 'आता तक्रार नाही'. त्याखाली ग्राहकाची सही. ही सही झाल्याशिवाय कार्ड बंद होत नाही, मग साहेब कितीही डोळे वटारोत. अठरा वर्षांत मी एकही कार्ड सहीविना बंद केलेलं नाही. ऑफिसात मला चिकट म्हणतात ते यामुळेच.

आज पन्नास कोरी कार्डं घरी आणली. ती ठेवायला बुटांचा जुना खोका आहेच कपाटात. सहा गाड्या निवडल्या. नावं लिहीत नाही, आमच्या कार्डावरही क्रमांकच असतो. क्रमांक एक ते सहा. आता हे काम पद्धतशीर होणार.

८ मार्च, शनिवार

मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर चार तास उभा होतो. गाडी लावणाऱ्याला गाठायचं आणि विचारायचं, "माफ करा, ही कधी बंद पडली आहे का?" साधा प्रश्न. एका बाईंनी काच वर केली. एकाला वाटलं मी गाडी चोरायच्या विचारात आहे. आणि जे बोलले ते सगळे एकजात खोटं बोलले. स्वतःच्या गाडीला नावं ठेवणं म्हणजे स्वतःच्या अकलेला नावं ठेवणं, मग कोण ठेवतो? एक गृहस्थ तर गाडी ढकलत ढकलत मला सांगत होते, "काही त्रास नाही हो, उत्तम गाडी." मी मागून हातही लावला ढकलायला. शेवटी रखवालदाराने मला हाकललं.

अकरा कार्डं भरली. अकराही ठिकाणी 'तक्रार नाही'. इतका खोटेपणा मी पंपांच्या बाबतीतसुद्धा पाहिला नाही.

१३ मार्च, गुरुवार

इंटरनेटवर लोक खरं बोलतात, कारण तिथे नाव सांगावं लागत नाही. पाच दिवस ऑफिसातून आल्यावर तेच करतोय. क्रमांक चारच्या दोनशे चौदा तक्रारी सापडल्या. इंजिन तापतं, क्लच जातो, खिडकी खाली जाते ती वर येत नाही. क्रमांक चार बाद. आणि क्रमांक सहाची एकही तक्रार नाही! एकही! तीनदा शोधलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

हिला सांगायला गेलो तर तिने वहीकडे बोट दाखवलं.

बाबा आज दीड तास बसले. मग म्हणाले, पाठीत कोणीतरी पाचर मारल्यासारखं होतं. तसेच भिंतीला धरून उभे राहिले.

१६ मार्च, रविवार

खात्री करावी म्हणून चौकातल्या मेकॅनिककडे गेलो. त्याला सगळे घुम्या म्हणतात. तोंडातून शब्द काढायला पान्हा लावावा लागतो. मी विचारलं, "कुठली गाडी बंद पडत नाही?" तो एका चाकाचे चार बोल्ट काढून झाल्यावर म्हणाला, "कोणी चालवत नाही ती."

"चेष्टा नको हो. म्हाताऱ्या माणसाला घेऊन घाट चढायचाय."

पाचवा बोल्ट. "जायचं कधी?"

"गाडी ठरली की."

"मग नाही जात तुम्ही," असं म्हणून तो गाडीखाली सरकला. नुसते पाय दिसत होते, त्या पायांशी काय बोलणार? फुकट डोक्याला ताप.

२२ मार्च, शनिवार

आजच्याइतका मी आयुष्यात कधी तोंडघशी पडलो नव्हतो.

क्रमांक सहा बघायला शोरूममध्ये गेलो. विक्रेता इतका खूश झाला की त्याने आधी पंखा लावला, मग खुर्ची पुसली. मी म्हटलं, या गाडीची एकही तक्रार मला मिळाली नाही. तर म्हणतो, "मिळणारच नाही, साहेब! आपल्या भागात तीनच गेल्यात. त्यातली एक आमच्या मालकांनीच घेतलीय, ती झाकून ठेवलेली असते."

तीन गाड्या! आणि क्रमांक चार? दाराबाहेर येऊन रस्त्यावर मोजल्या. दहा मिनिटांत सतरा गेल्या. दोनशे चौदा तक्रारी असणारच, अर्धं जग त्यात बसून फिरतंय. तक्रारी किती हे कधी नुसतं बघायचं नाही, किती माल विकला त्याने भागायचं, हे मी आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. पहिल्या दिवशी! आणि स्वतः तीन आठवडे भागाकार विसरलो.

घरी येऊन हिला सांगितलं. हुकूम मोडून सांगितलं. ती आधी हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, "टॅक्सी करू या. उद्याच्या उद्या जाऊन येऊ."

"टॅक्सी? दुसऱ्याची गाडी? कोणी कशी ठेवली असेल, तेल कधी बदललं असेल, काय माहिती आपल्याला?"

"अहो, बाबा आता तासभर बसतात फक्त. बघताय ना?"

बघतोय. मीच तर वेळ लावतो रोज. म्हणूनच तर खात्रीची गाडी हवी ना? हे साधं तिच्या डोक्यात का शिरत नाही?

२३ मार्च, रविवार

ही काल शेवटी म्हणाली ते डोक्यातून जात नाही. "तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये," असं म्हणाली.

घ्यायची नाही? मग खोक्यात एकोणपन्नास कार्डं कशाला भरली?

भरलेलं पन्नासावं कार्ड या गठ्ठ्यातलं नाही, जुनंच आहे, खोक्याच्या तळाशी. ते काही या कामाचं नाही. पण वहीत खरं लिहायचं म्हटलंय तर लिहितो. अकरा वर्षांपूर्वी घरात बाबांची गाडी होती. एका सकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं. बाबांनी तिला धरून मागच्या सीटवर बसवलं, स्वतः शेजारी बसले, आणि मी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली नाही. वीस मिनिटं मी किल्ली फिरवत होतो, बॉनेट उघडत होतो, बॅटरीच्या तारा हलवत होतो, परत किल्ली. शेवटी समोरच्यांनी त्यांची गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

दोन दिवस आधी मला गाडीचा आवाज वेगळा वाटला होता. रविवारी बघू म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातून एक कार्ड आणलं आणि भरलं. वस्तू: गाडी. तक्रार: चालू होत नाही. किती वेळ: वीस मिनिटं. कारण लिहिलं नाही. काय लिहिणार? कारण मी. बाबांनी गाडी भंगारात दिली आणि त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

घ्यायचीच नाहीये म्हणे.

२९ मार्च, शनिवार

जुनी गाडी बघायला गेलो, क्रमांक दोन. मालकाने तीनदा चक्कर मारू दिली, चौथ्यांदा सीटखाली वाकून बघायला लागलो तेव्हा त्याने किल्ली काढून घेतली. "तुम्हाला गाडी नको, शपथपत्र हवंय," म्हणाला. असेल. देतो का कोणी?

घरी आलो तर कपाटातला खोका कोणीतरी हलवलेला. कार्डांचा सगळा क्रम बिघडलेला, आणि तळाचं जुनं कार्ड चक्क वर. मुलीवर ओरडलो. ती रडकुंडीला आली, "मी हात पण नाही लावला. आजोबा चष्मा शोधत होते तिथे." आता चष्मा कधी बुटांच्या खोक्यात असतो का? या घरात कोणी धड खरं बोलेल तर शपथ.

बाबा चाळीस मिनिटं. आज गाडीचं काय झालं हेही विचारलं नाही त्यांनी. नुसते माझ्याकडे बघत बसले. त्यांना माझा राग आला असावा.

२ एप्रिल, बुधवार

हिचं आणि बाबांचं काहीतरी शिजतंय. बाबांशी बोलताना आवाजाची गरज नसते, नुसते ओठ हलवले तरी त्यांना कळतं. तर ही माझ्यासमोर, मी पेपर वाचत असताना, आवाज न काढता त्यांच्याशी बोलते! बाबा मान डोलावतात. मी वर बघितलं की दोघंही मूग गिळून बसतात. विचारलं तर म्हणे औषधांचं बोलत होतो. औषधांचं बोलताना बाबा हसतात कशाला?

क्रमांक पाचचा गिअरबॉक्स वाईट आहे. आता उरल्या एक आणि तीन. दोन्हींबद्दल अजून पुरेशी माहिती नाही.

५ एप्रिल, शनिवार

आत्याच्या घरी बसून लिहितोय. दिवस नीट आठवून लिहायला हवा.

सकाळी सहाला दारात हॉर्न. टॅक्सी. आणि कुठली? क्रमांक चार! दोनशे चौदा तक्रारींची धनीण. पुढचं दार चेपलेलं. चालवणाऱ्या एक बाई, पन्नाशीच्या, किल्ली दोरीने गळ्यात अडकवलेली. बाबा आधीच कपडे करून, हातात काठी घेऊन तयार. मुलीला तिच्या मावशीकडे कालच पाठवलं होतं. म्हणजे सगळं ठरलेलं. फक्त मला सोडून.

मी दारात आडवा उभा राहिलो. "ही गाडी घाट चढणार नाही."

बाबा म्हणाले, "नाही चढली तर घाट बघू. पुढच्या महिन्यात मला तेवढंही बसता येणार नाही. सर बाजूला."

मी चरफडत खोका घेतला आणि पुढे बसलो. मागे बाबा उशीवर कलंडून, पाय हिच्या मांडीवर. निघाल्या निघाल्या मी बाईंची चौकशी सुरू केली.

"किती वर्षं चालवताय?"

"नऊ."

"किती किलोमीटर झाले?"

"चार लाखाला काटा थांबलाय. गाडी नाही थांबली."

"आणि तक्रारी?"

"आहेत की. गुडघा दुखतो, लेक फोन करत नाही."

"गाडीच्या हो, गाडीच्या!"

"गाडीच्या कोणाला सांगू? मलाच नीट करायची असते." मागून हिला हसू फुटलं. बाबांना आरशात बाईंचे ओठ दिसत असावेत, तेही हसले.

चार तास ठीक गेले. तासातासाला बाबांना उतरवून उभं करायचं, परत आडवं करायचं. मग घाट लागला आणि सहाव्या वळणावर तापमानाचा काटा लालवर गेला. बॉनेटमधून वाफ. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

मग जो राग आला तो सगळा हिच्यावर काढला. काय काय बोललो ते लिहीत नाही. रस्त्यात उभा राहून बोललो. ही शांतपणे म्हणाली, "मी पाणी आणते," आणि बाईंबरोबर खालच्या वळणावरच्या चहाच्या टपरीकडे निघून गेली. जाताना बाई म्हणाल्या, "तापलीय, दुसरं काही नाही. माणूस नाही का दमत?"

बाबा रस्त्याच्या कठड्याला धरून उभे होते, पाठ ताणून. "बरं झालं थांबली. पाठ सरळ झाली."

मी खोक्यातून कोरं कार्ड काढलं आणि गाडीच्या टपावर ठेवून भरायला लागलो. तक्रार: इंजिन तापलं. किती वेळ, म्हणून घड्याळ बघितलं.

"ते जुनं कार्ड आहे का त्यात अजून?" बाबांनी विचारलं.

मी मान वर केली नाही.

"चष्मा शोधताना मिळालं मला. वीस मिनिटं लिहिलंयस. बरोबर आहे. वीसच होती." मग म्हणाले, "तू पहिल्यांदा किल्ली फिरवलीस ना, तेव्हाच गेली ती. माझ्या खांद्यावर डोकं होतं तिचं. हात ढिला पडला. मला कळलं."

मी घाटाकडे तोंड करून काहीतरी ओरडलो. "इकडे बघून बोल," बाबा म्हणाले, "मला दिसत नाही."

मी वळलो. "मग सांगितलं का नाहीत? मी वीस मिनिटं... अकरा वर्षं, बाबा!"

"तेव्हा कसं सांगणार? तू मागे वळून बघत नव्हतास. बॉनेट उघडत होतास, पळत होतास. म्हटलं, फिरवू दे किल्ली. तेवढी वीस मिनिटं तरी तुला आई होती." काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली त्यांनी. "आणि नंतर... मला वाटलं तू विसरलास. तू गाडीचं नावच काढत नव्हतास. हे कार्ड बघेपर्यंत मला माहीतच नव्हतं रे, की तू हे असं उराशी धरून बसलायस. माझं चुकलं."

मी रडलो. भर घाटात, जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांसमोर, सेहेचाळीस वर्षांचा माणूस. राग आला होता, तोही गेला नव्हता. दोन्ही एकदमच चाललं होतं.

बाबांनी हात पुढे केला. "आण ते कार्ड. पेन पण."

"कशाला?"

"तुमच्याकडे ग्राहकाची सही लागते ना? गाडी माझ्या नावावर होती. ग्राहक मी."

बुटांचा खोका कठड्यावर ठेवून त्यांनी सही केली. हात हलत असल्यामुळे सही 'आता तक्रार नाही' या ओळीवरच चढली. माझ्याकडे परत देत म्हणाले, "बघ नीट. चालेल ना?"

ही पाणी आणि चहा घेऊन आली. तिने माझा चेहरा बघितला, बाबांचा बघितला आणि आधी मला चहा दिला. मी तिला म्हटलं, "चुकलो." तिने नुसता कप धरायला लावला. बाईंनी पाणी ओतलं, किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. आम्ही किती वेळ थांबलो होतो ते कार्डावर लिहायचं राहूनच गेलं.

आत्या ओट्यावर बसली होती, सकाळपासून, असं शेजारचे म्हणाले. बाबा तिच्या शेजारी टेकले. तिने त्यांच्या गालावरून हात फिरवला. "दाढी नाही केलीस," म्हणाली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, एक अक्षर सुटू नये म्हणून. म्हणाले, "घाईत निघालो. पोरगा गाडी बघत होता."

७ एप्रिल, सोमवार

काल परत आलो. बाबा पंधरा दिवस आत्याकडेच राहणार आहेत. तिथे आडवं पडून गप्पा मारता येतात, आत्या उशाशी बसते.

आज ऑफिसात ते जुनं कार्ड बंद कार्डांच्या कप्प्यात ठेवलं. कारणाची जागा कोरी आहे. तसं कार्ड बंद करता येत नाही, नियम माझाच आहे. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "चिकट, यात कारण राहिलंय." मी म्हटलं, "राहू दे."

बाबांना आणायला जायचं म्हणून टॅक्सीवाल्या बाईंना फोन केला. वीस तारखेला सकाळी सहाला या म्हटलं. त्या म्हणाल्या, "येते. आणि रेडिएटर नवा टाकलाय, काळजी करू नका."

मी विचारलं नव्हतं.